मेलसाठी घर पाहणारे भाऊजी

माझ्या थोरल्या साडूंइतका चौकस आणि चिवट माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा जन्मलेला नाही, आणि पुढं जन्मणार असेल तर मला आधी कळवावं, मी जिल्हा बदलून घेईन. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. ते मला साडभाऊ म्हणतात, आणि म्हणताना नेहमी किंचित थांबतात, कारण त्यांच्या मते माझी चौकशी अजून पुरी झालेली नाही. राहतात नालवाडीला, नोकरी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये. तिथल्या कचेरीचे ते व्यवस्थापक. कापूस आत येण्यापासून गाठी बाहेर जाईपर्यंत जे जे कागदावर येतं ते त्यांच्या नजरेखालून जातं. रोज सकाळी बसनं जातात, संध्याकाळी बसनं परततात, आणि चढताना ड्रायव्हरला टायरची हवा पाहिली का म्हणून विचारतात. ड्रायव्हर बदलले, बसचा रंग बदलला, प्रश्न तोच आहे.

हे दुखणं त्यांना जिनिंगनंच लावलं. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी कापसाची एक मोठी गंजी जळताना पाहिली. कापसाची आग लबाड असते. वरून विझली म्हणून लोक घरी जातात, आणि ती आतून धुमसत राहून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते. त्यामुळे जिनिंगमध्ये गाठींच्या थप्प्या एकमेकींपासून लांब लांब लावतात, म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी राहते. नियम शहाणपणाचा आहे, पण बाकीची माणसं तो कामावर पाळतात आणि फाटकाबाहेर पडली की विसरतात. भाऊजी तो डब्यासोबत घरी घेऊन आले. त्यांचा एक चष्मा घरी असतो, एक कचेरीत आणि एक आमच्या शोकेसमध्ये; माझी बायको दर दिवाळीला तो पुसते. सातबाऱ्याची, रेशन कार्डाची, पोरीच्या दाखल्यांची झेरॉक्स आमच्या गव्हाच्या कोठीत. लग्नाचा अल्बमसुद्धा त्यांनी फोडून दोन ठिकाणी ठेवलाय, हळद त्यांच्याकडे आणि लग्न आमच्याकडे. आमच्याकडे आलेला पाहुणा तो चाळतो, भलत्याच नवरदेवाला पाहतो आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतो. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, निदान लग्न तरी एका जागी ठेवा." ते म्हणाले, "ठेवाले काय जाते? पन गेलं तं दोन्ही जाईन."

घराच्या किल्ल्यांचं तर विचारूच नका. एक स्वतःजवळ, एक आमच्याकडे, एक समुद्रपूरला बहिणीकडे आणि एक जामच्या चौकातल्या चहावाल्याकडे, कारण जामला चहूकडच्या गाड्या थांबतात आणि माणूस कुठूनही आला तरी किल्ली वाटेत सापडते, असा त्यांचा हिशेब. एका उन्हाळ्यात आम्ही सगळे, त्यांच्या बहिणीसकट, नागपूरला लग्नाला गेलेलो. भाऊजी मागं राहिले होते. किल्ली आत आणि स्वतः बाहेर, अशा अवस्थेत दार ओढलं गेलं. भर दुपारी टोपी घालून ते बसनं जामला गेले. चहावाल्यानं त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि अभिमानानं सांगितलं की किल्ली सुखरूप राहावी म्हणून त्यानं ती आपल्या सासुरवाडीला नेऊन ठेवलीय. भाऊजींनीच त्याला तसं शिकवलं होतं. भाऊजी रिकाम्या हातानं परत आले तोवर शेजारणीनं केसातल्या पिनेनं कुलूप उघडून आतल्या माठात पाणीही भरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप बदललं आणि पुन्हा चार किल्ल्या केल्या.

पण भाऊजींचं नाव पंचक्रोशीत झालं ते घर पाहण्यावरून. आमच्याकडे सोयरीक ठरवण्याआधी मुलीकडची चार माणसं मुलाचं घर पाहून येतात. पोहे खातात, सोफ्यावर बसतात, माणसं चांगली आहेत म्हणतात आणि गाडीत बसून परत येतात. भाऊजींना हे पटत नाही. ते आधीच, न सांगता, एकटे जाऊन येतात. गावच्या फाट्यावर दाढी करतात, कारण न्हाव्याला सगळं ठाऊक असतं. मग त्या घरी जाऊन काहीतरी निमित्त काढून पाणी मागतात. कोण उठलं, किती वेळानं उठलं, तांब्या घासलेला होता का, हे बघतात. एक स्थळ त्यांनी मोडलं, कारण त्या घरचा कुत्रा घरच्याच मालकावर भुंकत होता. दुसरं मोडलं, कारण अंगणातली कपड्यांची दोरी मधे लोंबत होती आणि घरात चार धडधाकट पुरुष असून एकालाही ती ताणावीशी वाटली नव्हती. त्या दुसऱ्या घरचं पुढं जे झालं ते पाहता भाऊजी बरोबर होते. पहिल्या घरच्या मुलाचं मात्र उत्तम चाललंय, आणि कुत्राही खुशाल आहे.

माझ्या वेळी ते बैलांचे गिऱ्हाईक बनून आले होते. आमच्याकडे बैल नव्हते. माझ्या आईनं त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, आणि बैल पुढच्या गल्लीत आहेत म्हणून सांगितलं. ते पुढच्या गल्लीत गेले आणि तिथं माझी चौकशी केली. मग सासरी जाऊन अहवाल दिला, "घर बरं हाय. माय चांगली हाय. पोरगा हासते लय." या शेवटच्या वाक्यावर माझं लग्न कितीतरी दिवस अडून राहिलं. मला हे लग्नानंतर कळलं आणि मी त्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "काऊन, खोटं हाय काय?"

असल्या माणसाच्या हाती जिनिंगची मेल पडली. झालं असं, की कचेरीतल्या कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि सगळ्या कचेरीची मेल त्याच्या पोटात साठत असे. तो सुरू केला की पिठाची गिरणी लागल्यासारखा आवाज येई, आणि अधूनमधून तो एखाद्या व्यापाऱ्याची मेल खाऊन टाकी. थोरल्या शेठचा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणतात, तो नुकताच बाहेरगावाहून व्यवस्थापन शिकून आला होता. आल्यावर त्यानं पहिल्यांदा कचेरीतल्या मराठी पाट्या काढून इंग्रजी लावल्या, त्यामुळे हमाल दोन वेळा त्याच्याच खोलीत हात धुवायला गेले. मग त्यानं मेल क्लाउडवर न्यायची असं जाहीर केलं. माझं वर्ध्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून त्यानं मला बोलावलं. भाऊजींनी माझं नाव सुचवलं नव्हतं, हे सांगितलेलं बरं. घरच्या माणसाला काम दिलं की काम बिघडतं आणि घरही, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना सोप्या भाषेत समजावलं. यापुढं मेल आपल्या कोपऱ्यात राहणार नाही, एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या इमारतीत राहील, आपण इथून फक्त उघडून वाचायची. ते ऐकत होते. कारभार त्यांच्या नावावर असल्यामुळे शेवटचं बटण त्यांच्या संमतीनं दाबायचं होतं. मी सगळं भरत भरत गेलो आणि एका पानावर आलो. तिथं विचारलं होतं, तुमचा डेटा जगाच्या कोणत्या भागात ठेवायचा? खाली यादी होती. भारत होता, सिंगापूर होतं, जपान, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, अमेरिका, आणखी बरंच काही. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की एकदा निवडलेली जागा नंतर बदलता येणार नाही. कोणताही समजूतदार माणूस भारतावर बोट ठेवून मोकळा झाला असता. मीही ठेवतच होतो. भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"मांगं नाई फिरत म्हन्ते," ते म्हणाले. "मंग घर पाहा लागीन."

मी हसलो. तो माझा जुना दोष त्यांना ठाऊकच होता. पण ते हसले नाहीत, आणि मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

याच दिवसांत त्यांच्या घरी दुसरं घोंगडं भिजत पडलं होतं. पल्लवी त्यांची एकुलती एक पोरगी, नर्स आहे. तिला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि महिना संपायच्या आत येते की नाही ते तिकडं कळवायचं होतं. तिला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. स्वतःच्या हिमतीनं परीक्षा दिल्या, मुलाखत दिली, सगळं केलं. पण बापाची लेक, हट्टी. बाबांनी तोंडानं हो म्हटल्याशिवाय मी विमानात बसणार नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. आणि भाऊजी होही म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. "चौकशी करून राह्यलो," एवढंच म्हणायचे. माझी मेहुणी, म्हणजे ताई, दोघांना जेवायला वाढायच्या आणि दोघांशीही बोलायच्या नाहीत. एक दिवस पल्लवी माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, जामच्या चौकात आयर्लंडची कोनती गाडी थांबते, सांगा बरं मले. बाबा कोनाले विचारून राह्यले असतीन?" मी म्हटलं, "तू धीर धर." ती म्हणाली, "मी धरला. तिकडचे लोक धरनार नाईत." डोळे पुसून ती उठली, आणि जाताना दुकानातला पंखा वाकडा फिरतो म्हणून सांगून गेली. रक्त कुठं जातं.

इकडे भाऊजींनी मेलसाठी घरं पाहायला सुरुवात केली. पुण्याला एक लग्न होतं, तिथं ते गेले आणि आयटीत असलेल्या भाच्याला घेऊन डेटा जिथं ठेवतात ती इमारत पाहायला निघाले. भाच्यानं त्यांना शहराबाहेरची एक भली मोठी पांढरी इमारत दाखवली. ती खरोखर कोणाची होती देव जाणे. भाऊजी फाटकावर गेले आणि शिरस्त्याप्रमाणे पाणी मागितलं. गार्ड निघाला आर्वीकडचा. बोलीवरून दोघांनी एकमेकांना ओळखलं, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, पण पाणी काही मिळालं नाही. गार्डच स्वतःची बाटली घरून आणत होता. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, "मले तरी कुठी माहीत? मले आत जाऊ देत नाईत." भाऊजी परत आले ते निकाल घेऊनच. "खिडकी नाई त्या घराले," त्यांनी मला सांगितलं. "पाहुन्याले पानी इचारत नाईत. आपल्याच मानसाले घरात घेत नाईत. नाई जमत."

म्हणजे भारत बाद झाला. मग सिंगापूर, कारण चहूबाजूंनी पाणी. जपान, कारण जमीन हलते. ऑस्ट्रेलिया, कारण तिथं आपल्या उन्हाळ्यात थंडी पडते, आणि ज्या ठिकाणी ऋतू धड जागेवर राहत नाहीत तिथं मेल कशी राहणार? अमेरिका त्यांनी एका वाक्यात उडवली, "मामाचा पोट्टा गेलता तिकडे. आला काय वापस?" मी त्यांना डोकं आपटून सांगितलं की भाऊजी, मेल म्हणजे रुईचे भाव, सरकीची चौकशी आणि ट्रकवाल्यांची भांडणं, ती कुठंही सुखानं राहील. ते म्हणाले, "तुमी हासून घ्या." छोटे शेठ मला रोज फोन करून विचारायचा, काका, झालं का. मी म्हणायचो, घर पाहणं चालू आहे. त्याला वाटायचं हा काहीतरी नवीन तांत्रिक शब्द आहे. एकदा तर तो फोनवर दुसऱ्या कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, की आमचं घर पाहणं अजून सुरू आहे.

महिना संपत आला. कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या गिरणीनं शेवटचा आचका दिला आणि ती बंद पडली. मी तातडीनं हिंगणघाटला गेलो, आतलं जे वाचलं ते काढून घेतलं, आणि भाऊजींना म्हटलं, आता आज बटण दाबल्याशिवाय मी इथून उठत नाही. दुपारची वेळ, कचेरीत आम्ही दोघंच. पुन्हा तेच पान उघडलं. भाऊजींनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक नाव वाचत खाली आले. एका नावावर बोट थांबलं.

"हे तेच काय?" त्यांनी विचारलं.

"तेच. आयर्लंड."

"पल्लवीवालं?"

"पल्लवीवालंच."

त्यांनी बोट तिथून उचललं नाही. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. तिथं थंडी किती पडते? मी म्हटलं, मशीनला थंडी चांगलीच असते. लाईट जाते काय? नाही जात. पूर येतो काय? माहीत नाही, आपण विचारू. भाषा कोणती बोलतात? मी म्हटलं, भाऊजी, डेटाला भाषा लागत नाही. शेजारीपाजारी कसे हायेत? आता मात्र माझं टाळकं सरकलं. आणि बिमार पडलं तं कोन पाहते? मी ओरडलोच, "भाऊजी, मेल कधी आजारी पडते का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि तेव्हा कुठं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बिघडलेल्या मशिनी उघडून बसणाऱ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर लावायला सांगितला. मी लावला आणि फोन टेबलावर ठेवला. एक मुलगी हिंदीतून गोड बोलत होती. भाऊजींनी सुरुवात केली, "वो आयर्लंड में रखा तो रात में वहाँ कौन रहता?" ती म्हणाली, "सर, चौबीसों घंटे हमारे लोग रहते हैं।" "अच्छे लोग हैं?" ती क्षणभर अडखळली, मग म्हणाली, "जी सर, बहुत अच्छे लोग हैं।" कोणी तरी तिला शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला धीर द्यायचा, आणि ती बिचारी देत होती. "आग-बिग लगी तो?" भाऊजींनी विचारलं. ती म्हणाली, "सर, आप बिल्कुल चिंता मत कीजिए। एक जगह कुछ हो भी गया, तो दूसरी जगह कॉपी रहती है।"

हे म्हणजे त्यांच्या जन्माचं तत्त्व, आयतं, गोड आवाजात. मला वाटलं आता खूश होतील. भाऊजी फोनकडं वाकले आणि म्हणाले, "कॉपी नहीं है, बाई. हमारे पास एकच है."

"सर?" ती म्हणाली. भाऊजी तोवर चष्मा काढून पुसायला लागले होते. मीच तिला धन्यवाद म्हणून फोन बंद केला. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि कोणीतरी मोठ्यानं वजन सांगत होतं.

"दाबा," भाऊजी म्हणाले.

"कोणतं?"

"तेच. आयर्लंड. एखांदं आपलं मानूस पाहिजे तिकडे. अन् मानसासंगं आपलं काही तरी पाहिजे."

मी त्यांना समजावून पाहिलं, की हिंगणघाटच्या जिनिंगची मेल इतक्या लांब ठेवायचं काही कारण नाही, उघडायला उशीर लागेल, छोटे शेठ विचारील. ते ऐकायच्या पलीकडं गेले होते. मी बटण दाबलं. संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसून ते म्हणाले, "पल्लवीले तुमी सांगजा. म्हना, जिनिंगची मेल तिकडे ठेवली हाय. अधूनमधून लक्ष द्या लागीन." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. ते खिडकीबाहेर बघायला लागले. ड्रायव्हरला त्या दिवशी टायरचं विचारायचंही त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मी नालवाडीला त्यांच्या घरी जाऊन पल्लवीला जसंच्या तसं सांगितलं. ती आधी खूप हसली, मग स्वयंपाकघरात ताईंच्या गळ्यात पडून रडली. तोंडानं हो म्हणायला पाहिजे ही अट तिनं सोडून दिली. भाऊजींच्या तोंडून यापेक्षा स्पष्ट हो कोणाला मिळालेलं नाही, हे तिलाही माहीत होतं.

ती गेली. जिनिंगची मेल आयर्लंडहून उघडायला लागली आणि कचेरीत बोंब उठली. बटण दाबलं की एक गोल चकती फिरत राहायची, सरकीचा भाव यायच्या आत चहा थंड व्हायचा. छोटे शेठला मी घाबरत घाबरत खरं सांगितलं, तर तो खूशच झाला. व्यापाऱ्यांना फोन करून सांगू लागला की आमचा डेटा युरोपात असतो. नागपूरच्या एका बैठकीत तर त्यानं यावर भाषण केलं म्हणे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटतं त्यातली दूरदृष्टी त्याचीच होती. असो.

दर रविवारी पल्लवीचा फोन यायचा. बापाला पोरीला कशी आहेस विचारता येत नाही, हा रोग आमच्याकडच्या सगळ्याच बापांना आहे. भाऊजींना तो जास्त. ते विचारायचे, "मेल बरी हाय ना?" आणि ती कार्टी तिकडून म्हणायची, "बरी हाय बाबा. परवा सर्दी झालती तिले, आता ठीक हाय." "जेवते ना?" "जेवते. भाकर मिस करते." "तिले सांग, सोबतीनं राहाजो." एका हिवाळ्यात मेल फार उदास होती म्हणे, तिला तिथं लवकर पडणारा अंधार सोसत नव्हता. त्या आठवड्यात भाऊजी धड जेवले नाहीत. ताई शेजारी बसून हे सगळं ऐकायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमीच काय खूळ लावून देलं हो या मानसाले." जसं काही मी दिलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीनंच नवीन सोय काढली. जी जागा बदलता येणार नाही म्हणून इतकं रामायण झालं, ती आता बदलता येते, असं त्यांचं पत्रक आलं. छोटे शेठच्या टाळ्या एव्हाना थंडावल्या होत्या आणि चकतीनं त्याचाही जीव मेटाकुटीला आला होता. त्यानं मला बोलावलं आणि सगळं भारतात आणून टाका म्हणाला. भाऊजी त्यांच्या टेबलाशी बसून होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. "आना," ते म्हणाले, "जिनिंग त्याइची हाय." मी काम लावून दिलं. ते आपोआप होत राहतं, कोणाला काही करावं लागत नाही. काही दिवसांनी काम पुरं झाल्याचा निरोप आला तेव्हा मी पुन्हा हिंगणघाटला गेलो आणि त्यांना तसं सांगितलं.

"सगळं आलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं आलं, भाऊजी. आता झटकन उघडेल."

"तिकडे आपलं काहीच नाई राह्यलं?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. मग हळूच म्हणाले, "मंग आता पोरगी एकटीच हाय म्हना तिकडे."

या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि हात पाय चालताहेत तोवर करणार आहे. पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं. मेल कुठं असते आणि माणूस कुठं, याचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्यांनाही कळतं. एवढे खुळे ते कधीच नव्हते. मी पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसलो. नव्या सोयीत एक गोष्ट होती, की कचेरीतल्या प्रत्येकाची पेटी वेगळ्या ठिकाणी ठेवता येते. मी भाऊजींना ते सांगितलं. म्हटलं, बाकीच्यांची इथं राहू दे, तुमची एकट्याची पाठवू का परत?

त्यांनी थंडी विचारली नाही की पूर विचारला नाही. "पाठवून द्या," म्हणाले.

आता सगळ्या कचेरीची मेल क्षणात उघडते आणि भाऊजींची तेवढी रेंगाळते. छोटे शेठला याचं कारण ठाऊक नाही. परवा त्यानं त्यांच्या खांद्यावरून वाकून ती फिरणारी चकती पाहिली आणि म्हणाला, काका, तुमचा कॉम्प्युटर फार थकलाय, नवीन घेऊन देतो. मी तिथंच होतो.

"राहू द्या जी," भाऊजी म्हणाले. "मले काही घाई नाई."